झेरोराखीचा चमचा

आस्प्रोनेरी, ६ फेब्रुवारी

प्रिय अनेस्तिस,

वीस वर्षांनी बहिणीचं पत्र आलंय म्हणजे कोणीतरी मेलं असणार, असं तुला वाटलं असेल. कोणी मेलेलं नाही. निदान अलीकडे नाही. माझ्यावर होत असलेल्या एका घोर अन्यायाची कुणीतरी नोंद घ्यावी म्हणून लिहिते आहे. गावात सगळ्यांना सांगून झालं. आता परदेशी दाद मागावी लागतेय.

ब्रिगेडच्या चिलखती गाड्या दर मंगळवारी सकाळी नदीकडे सरावाला निघतात. निघतात त्या आपल्याच घराच्या कोपऱ्यावरून. आणि वळतात नेमक्या त्या क्षणी, जेव्हा मी कॉफी कपात ओतून बाल्कनीत येऊन बसलेली असते. लोखंडी पट्ट्यांची खडखड सुरू झाली की टेबल थरथरतं, कप थरथरतो आणि कॉफीवरचा फेस मधोमध फाटतो. फेस फाटलेली कॉफी म्हणजे काय, हे तुला गोथेनबर्गमध्ये कळायचं नाही. तिथे म्हणे माणसं कॉफी तांब्यानं पितात.

मी ब्रिगेडच्या कमांडरला रीतसर तक्रार केली. उत्तर आलं: 'राष्ट्रीय संरक्षणाच्या दृष्टीने मार्ग बदलणे शक्य नाही.' मग मी माझ्या सदरात लिहिलं, की शत्रू नदीपलीकडे असेलही, पण या सैन्याने आजवर सर केलेली एकमेव गोष्ट म्हणजे माझ्या कपातला फेस. (हो, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात दर शनिवारी माझं सदर येतं. लोक शिव्या घालत वाचतात, पण वाचतात.) मला वाटलं, आता नोटीस येणार. आला एक मेजर. नाव अर्गिरिस. टोपी काखेत धरून दारात उभा.

"मारूदाबाई, तुमचा लेख आम्ही चौकटीत लावलाय. वारसा-दालनात."

स्वतःचा अपमान काचेत घालून जपणारं सैन्य मी पहिल्यांदाच पाहिलं.

ते वारसा-दालन तुला आठवतं का? बाबा आपल्याला तिथे न्यायचे. खेचराचं खोगीर, बर्फात घालायचे बूट आणि तो मोठा झेंडा. एका आचाऱ्याने पोटाला गुंडाळून आशिया मायनरमधल्या माघारीत परत आणलेला. तू विचारलं होतंस, "आचारी एवढा बारीक होता?" आणि बाबांनी तुझा कान पिरगाळला होता. सगळं तसंच आहे. खेचरं गेली, रेजिमेंटची ब्रिगेड झाली, पायी चालणारे गाड्यांत बसले. नाव मात्र तेच राहिलं: झेरोराखी. आपले आजोबा लढाईत जिथे कायमचे राहिले, त्या टेकडीचं.

बातमी अशी, की वर्षअखेरीस ही ब्रिगेड बंद होतेय. दुसऱ्या एका ब्रिगेडमध्ये विलीन. म्हणजे माझा फेस वाचणार. मी पेढे वाटायला हवेत. अजून वाटलेले नाहीत.

मेजर लेखासाठी आला नव्हता. तो तुझी चौकशी करत होता. कशासाठी, ते पुढच्या पत्रात. आधी हे फाडतोस की वाचतोस, ते बघू.

मारूदा

*

आस्प्रोनेरी, ३ मार्च

प्रिय अनेस्तिस,

उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे वाचलंस. तू लहानपणीही रुसलास की जेवायचा नाहीस, पण ताट पुढून हलवू द्यायचा नाहीस.

ऐक तर. अल्बानियात महायुद्धात पडलेल्या आपल्या सैनिकांची हाडं शोधायचं काम चालू आहे, हे तिकडच्या बातम्यांतही आलं असेल. गेल्या उन्हाळ्यात झेरोराखीच्या उतारावर एक जण सापडला. दगडाखाली, कुशीवर झोपलेला. त्याच्या पायपट्टीत खोचलेला एक चमचा निघाला, आणि चमच्याच्या दांड्यावर कोरलेला एक मासा.

मेजर अर्गिरिसने त्या चमच्याचा मोठा फोटो करून चौकातल्या कॉफीघरात लावला आणि एका रविवारी व्याख्यान दिलं. मासा हे आद्य ख्रिस्ती लोकांचं चिन्ह कसं, मृत्यूच्या छायेत सैनिकाची श्रद्धा कशी... पाद्री मान डोलावत होते. मी वहीत टिपणं घेत होते. शनिवारची सोय झाली होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कसली श्रद्धा घेऊन बसलास, पोरा! तो आमचा चमचा आहे."

पोलिक्सेनी मावशी. आपली शेजारीण. हो, आहे अजून. नव्वदीला आलीय आणि अंगणाच्या भिंतीवरून अजूनही तितकीच भांडते. तुला आठवत असेल, लग्नात, बारशात, मयताला गावभर एकमेकांची भांडी फिरायची आणि चमचे आपापल्या घरी परत जावेत म्हणून प्रत्येक घराची खूण असायची. आपली दोन रेघांची. तिचे वडील लांब्रोस नदीवर मासे पकडायचे, म्हणून त्यांची मासा.

मेजरचा चेहरा उजळला. "म्हणजे हे तुमचे वडील?"

"माझे वडील माझ्या डोळ्यांदेखत पलंगावर मेले. पोट फुटेस्तोवर कलिंगड खाऊन. चमचा आमचा, माणूस त्यांचा." आणि तिने काठी माझ्याकडे रोखली. "यांच्या घरी लग्नाला डझनभर नेले होते. अकरा परत आले. माझी आई मरेपर्यंत म्हणायची, सुल्तानाच्या नवऱ्याने आमचा चमचा लढाईवर नेला."

खरं सांगते, आपल्या सुल्ताना आजीचं लग्न सप्टेंबरात झालं आणि ऑक्टोबरअखेर आजोबांना बोलावणं आलं, हे मला माहीत होतं. पण भांडी परत करायच्या आत माणूस गेला, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. 'एक चमचा कमी आहे' हे वाक्य मी भिंतीवरून जन्मभर ऐकलं. मला वाटायचं, म्हातारीला नुसता भांडायला विषय हवा असतो.

तर आता ते कोण असावेत हे गावाला कळलंय, पण अथेन्सच्या प्रयोगशाळेला चमचा चालत नाही. त्यांना रक्ताचा पुरावा लागतो. मी तिथल्या तिथे तोंड उघडलं, घे म्हटलं कापसाचा बोळा फिरवून. मेजर कानापर्यंत लाल झाला.

"मारूदाबाई, बापाकडून मुलाला आणि मुलाकडून नातवाला जे उतरतं, ते बायकांत नसतं. हाडं फार झिजलीत, दुसऱ्या चाचण्या लागू पडत नाहीत, त्यामुळे तेवढाच मार्ग आहे. तुमचं तोंड... उपयोगाचं नाही."

जिल्ह्यात अनेकांचं हेच मत आहे. पण मला ते इतकं लागलं नव्हतं कधी. घराचं नाव चालवायला मी उपयोगाची नव्हते, हे बाबांकडून ऐकून झालं होतं. आता हाडं ओळखायलाही नाही.

बाबा गेले. त्यांना भाऊ नव्हता. उरलास तू. दूतावासात जाऊन गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, एवढंच. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झेरोराखीचा स्मृतिदिन असतो. ब्रिगेडचा तो शेवटचा. तोवर ओळख पटली तर आजोबांना त्यांच्याच रेजिमेंटच्या झेंड्याखाली पुरता येईल. नाही पटली, तर ते क्रमांक घातलेल्या खोक्यात फळीवर राहतील, आणि त्यांना ओळखणारं सैन्यही नसेल.

मारूदा

*

आस्प्रोनेरी, ११ एप्रिल

अनेस्तिस,

कार्ड मिळालं. पुढे ट्रामचं चित्र, मागे एक ओळ. 'या सैन्याला मी थुंकीसुद्धा देणार नाही.'

वाक्य चांगलं आहे. मला सुचलं असतं तर मी शनिवारी छापलं असतं.

दोन दिवस मी तुझ्यावर रागावले. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. गाड्या गेल्या, फेस फाटला, आणि मला तू सात वर्षांचा दिसलास. मी दोन वर्षांची होते, म्हणजे खरं तर मला ते आठवायचं कारण नाही. पण आजीने ते इतक्या वेळा सांगितलं की मला तुझ्या मोज्यांचा रंगही माहीत आहे. स्मृतिदिन. पहिल्या रांगेत बाबा, आजी, तू. कर्नल एकेका मृताचं नाव पुकारतो आणि सगळं मैदान उत्तर देतं, "अमर!" मग त्याने पुकारलं, "अनेस्तिस कालाइत्झिस!" आणि मैदानाने श्वास घेण्याआधी तू टाचा जुळवून ओरडलास, "हजर!"

शाळेत तेच शिकवलं होतं. नाव पुकारलं की हजर म्हणायचं. चूक तुझी नव्हती. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं ही आपल्याकडची रीत. आणि त्याच नातवाला दर वर्षी पहिल्या रांगेत उभं करून त्याचंच नाव मेलेल्यांत पुकारायचं, ही पण आपल्याकडचीच.

शिपाई हसले. बाबांनी तुझ्या तोंडावर हात दाबला, आणि पुढे दर वर्षी तुझं नाव यायच्या आधीच त्यांचा हात यायचा. पण आजी हसली नाही. ती सांगायची, "तीस वर्षं मी त्या नावाला कोणी हजर म्हणेल म्हणून थांबले होते. कोण का म्हणेना." तिने तुझा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

विसाव्या वर्षी सक्तीच्या सैन्यसेवेचं बोलावणं आल्यावर तू एक पिशवी घेऊन स्टेशनवर गेलास तेव्हा मला म्हणालास, "मारूदा, यांनी मला लहानपणापासून मेलेलं मोजलंय. आता खरोखर मरायला बोलावतायत." मी पंधरा वर्षांची होते. मला ते फार छान वाटलं होतं, एखाद्या नाटकासारखं. नंतर चार महिने झाले, अठ्ठेचाळीस महिने झाले, तू आलाच नाहीस, तेव्हा नाटक संपलं. बाबांच्या मयताला तू येऊ शकत नव्हतास, विमानतळावरच बेड्या पडल्या असत्या, हे मला माहीत होतं. तरी मी रागावले. राग काही माहितीवर चालत नाही.

तुला हे कोणी सांगितलं नसेल. गावात कोणी विचारलं, "झाफिरिस, तुझा तो पळालेला पोरगा काय करतो रे?" तर बाबा म्हणायचे, "ट्राम चालवतो. कधी उशीर करत नाही." दुसरं काही नाही. 'पळालेला' हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडून कधी काढला नाही. जन्माला यायच्या आत बाप गमावलेला माणूस. सैन्य सोडून त्याच्याकडे बापाचं काही नव्हतं रे. खोगीर आणि बूट दाखवायला न्यायचा, तो आपल्याला बापाचं घर दाखवत असायचा.

सैन्याला काही देऊ नकोस. सैन्य तसंही डिसेंबरात संपतंय. माझं म्हणणं इतकंच आहे, की ज्याचं नाव पुकारतात तो खोक्यात बिननावाचा पडलाय, आणि त्याचं नाव तू अंगावर घेऊन फिरतोयस. त्याचं त्याला देऊन टाक. मग पुढच्या वर्षी ते पुकारलं तर तुला वळून बघायचं कारण राहणार नाही.

पटलं नाही तर कार्ड पाठवू नकोस. ट्रामचं चित्र मला आवडलं नाही.

मारूदा

*

आस्प्रोनेरी, २० जून

अनेस्तिस,

पोलिक्सेनी मावशी रोज भिंतीवरून विचारते, "थुंकला का गं तुझा भाऊ?" पूर्ण गल्लीला ऐकू जातं. पाद्री जात होते, तेही थांबले.

आज मेजरचा फोन आला. दूतावासातून बोळा पोचला. मला तू एक ओळ लिहिली नाहीस, पण तिथल्या बाईंना म्हणे बजावलंस: "हे सैन्याला नाही, म्हाताऱ्याला देतोय. लिहून घ्या." त्या बाई इतक्या घाबरल्या की त्यांनी ते शेऱ्याच्या रकान्यात खरोखर लिहून घेतलं, आणि मेजरने मला वाचून दाखवताना आवाज थोडा खाली आणला.

म्हातारा कसला. एकोणतीस वर्षांचा होता तो. तुझ्या मुलीपेक्षा लहान.

मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "चला, एवढं तरी केलं त्याने." तिच्याकडून हे फार मोठं प्रमाणपत्र आहे. चौकटीत लाव.

मारूदा

*

आस्प्रोनेरी, २ ऑक्टोबर

अनेस्तिस,

जुळलं.

सकाळपासून याच्यापुढचं वाक्य शोधतेय. या शनिवारी सदर कोरंच जाईल असं दिसतंय. संपादक खूश होईल.

ये. आता तुला कोणी अडवत नाही, मेजरने चौकशी केलीय. तुझ्या खोलीत माझी पुस्तकं आहेत, ती हलवते.

मारूदा

*

आस्प्रोनेरी, ९ डिसेंबर

प्रिय अनेस्तिस,

तू आला नाहीस, आणि या वेळी मी रागावले नाही. 'एकदा तरी ते नाव माझ्याशिवाय पुकारलं जाऊ दे' असं लिहिलंस, ते मी मावशीला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तिकडची थंडी डोक्यात जाते बहुतेक." पण काठी आपटली नाही.

शनिवारी पेटी आली. ब्रिगेडच्या चॅपलमध्ये ठेवली. छोटी असते रे ती. मी उगाच दरवाजाच्या रुंदीची काळजी करत होते. मावशी घरून लाल वाइनची बाटली आणि स्वच्छ टॉवेल घेऊन हजर.

"उघड, पोरा."

"मावशी, सीलबंद आहे. नियम आहे," मेजर म्हणाला.

"तुझ्या नियमाला आई नव्हती वाटतं? नवरदेव लढाईवरून घरी येतोय. लग्नाला दोन महिने झालेले. आणि तू म्हणतोस आंघोळ न घालता पुरा?"

मेजरने आधी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड या खेपेला उपयोगी पडलं, कारण मी काहीच बोलले नाही. मग त्याने स्वतःच्या हाताने सील काढलं आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीसमोर उभा राहिला. राष्ट्रीय संरक्षणाच्या दृष्टीने ती भिंत त्याने फार बारकाईने तपासली.

आम्ही दोघींनी आपल्या रीतीप्रमाणे एकेक हाड वाइनमध्ये धुतलं, पुसलं, पांढऱ्या कापडावर मांडलं. मावशी सगळा वेळ त्याच्याशी बोलत होती. सुल्ताना कशी म्हातारी झाली, झाफिरिस कसा दिसायचा, कोणाची जमीन कोणाकडे गेली. मी पुसत होते. पुढच्या दोन दातांत फट आहे, तुझ्यासारखीच. प्रयोगशाळेला इतके महिने लागले. मला आधी दाखवलं असतं तर मी उभ्या उभ्या सांगितलं असतं.

रविवारी सगळं गाव लोटलं. एरवी तिथे पाद्री, शिपाई आणि फुकटच्या ब्रँडीसाठी येणारे दोघे-तिघे असतात. मी दर वर्षी असतेच, सदराला विषय मिळतो म्हणून. बाबांच्या जागेवर उभं राहिलं की दिसतंही चांगलं. मैदानाच्या कडेने चिलखती गाड्या धुऊन उभ्या केल्या होत्या. आचाऱ्याच्या पोटाचा तो झेंडा काचेतून काढून आणला होता. त्याला एवढ्या वर्षांनी वारा लागला. मला वाटलं, फाटणार. नाही फाटला.

कमांडर नावं पुकारू लागला. "अमर!" "अमर!" मग: "अनेस्तिस कालाइत्झिस!"

आणि काय झालं कोण जाणे, मैदान अडखळलं. पेटी समोरच होती ना. जो समोर आहे त्याला अमर कसं म्हणायचं, असं काहीसं झालं असावं. त्या शांततेत कोणीतरी "हजर" म्हणालं. आवाज बाईचा होता. लोक माझ्याकडे बघायला लागले. बघेनात का.

लगेच मागून मावशी, खणखणीत: "आला बाई एकदाचा!"

कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणीतरी, मग शिपायांची रांग. आणि हसता हसताच मैदान म्हणालं, "अमर!" कमांडर चष्मा पुसत पुढच्या नावाकडे वळला. आजी असती तर तिने कुणाचा तरी हात धरला असता. मी माझाच धरला.

आजोबांना आजीशेजारी ठेवलं. दगडावर नाव आहे. तुझं नाही, त्यांचं. फोटो सोबत पाठवते.

नंतर कॉफी, ब्रँडी आणि शिजवलेल्या गव्हाचा प्रसाद होता, साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेला. मेजर एक लहान लाकडी डबी घेऊन आला. आत चमचा. म्हणाला, वारसा-दालनातल्या वस्तू आता अथेन्सला जातील, तिथल्या मोठ्या संग्रहालयात हा चमचा मधोमध ठेवता येईल, खाली पितळी पाटी, झेरोराखीचं नाव निदान तेवढं राहील. नव्या ब्रिगेडला स्वतःचं नाव आहे, त्यांना हे नको आहे. बोलताना तो डबीकडेच बघत होता. त्याचाही कोणी राहिला असेल कुठल्या टेकडीवर. मी विचारलं नाही.

"मेजरसाहेब, माझा लेख न्या. तो तुमचाच आहे. चमचा नाही देता येणार."

"का, मारूदाबाई?"

"उसना आहे."

त्याने डबी माझ्या हातात ठेवली आणि सलाम केला. मला की चमच्याला, ते कळलं नाही.

आज मंगळवार नाही, तरी सवयीने मी सकाळी कान देऊन बसले होते. गाड्या काल रात्रीच रेल्वेने गेल्या. फेस अखंड होता, कपाच्या काठाला घट्ट धरून. मी तो चमच्याने मोडला आणि मग प्यायले.

दुपारी मावशीची प्रसादाची थाळी परत द्यायला गेले. ती माझ्याकडे पाठ करून चुलीवर कॉफी ढवळत होती आणि पाद्र्याने प्रसादात साखर किती कमी घातली होती ते सांगत होती. मी टेबलाचा खण उघडला. सगळे मासे एका दिशेला तोंड करून पडले होते. खिशातला त्यांच्यात ठेवला. काळा पडलाय, पण मापाला बरोबर बसला.

"खण नीट लाव गं," ती पाठमोरीच म्हणाली. "जरा अडकतो."

मी नीट लावला.

मारूदा